हृदयाची गोळी आणि दम्याचा पंप : दोन्ही एकाच माणसाला सुरू असतील तर काय होतं?

सकाळी नाश्त्यानंतर बीपीची किंवा हृदयाची गोळी आणि धाप लागली की दम्याचा पंप. साठी ओलांडलेल्या अनेकांच्या घरात ही दोन्ही औषधं एकाच डब्यात असतात. गोळी हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली असते, पंप छातीच्या किंवा फॅमिली डॉक्टरांनी. दोघांच्या फायली वेगळ्या, तपासणीच्या तारखाही वेगळ्या.

बहुतेक वेळा यातून काही बिघडत नाही. पण हृदयाच्या औषधांमधला एक मोठा गट असा आहे की तो शरीरात नेमकं तेच बंद करतो, जे दम्याचा पंप सुरू करत असतो. या गटाचं नाव बीटा ब्लॉकर. त्याशिवाय अ‍ॅस्पिरिन, डेरिफायलिन, काही रक्तदाबाच्या गोळ्या आणि चक्क डोळ्यांत टाकायचे थेंबही या गोष्टीत येतात.

यातलं कोणतं औषध खरंच धोक्याचं, कोणाबद्दलची भीती अवाजवी आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, ते समजून घेऊया.

एकच बटण, दोन ठिकाणी

आपण घाबरलो किंवा धावलो की शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढतं. त्यामुळे दोन गोष्टी एकदम होतात. हृदय जोरात धडधडायला लागतं आणि श्वासनलिका रुंद होतात. पळायचं असेल तर रक्तही जास्त लागणार आणि हवाही, त्यामुळे निसर्गाने केलेली ही सोय योग्यच आहे.

हे घडतं पेशींवरच्या 'रिसेप्टर'मुळे. रिसेप्टर म्हणजे एक प्रकारचं बटण. अ‍ॅड्रेनलिन ते दाबतं आणि पेशी कामाला लागते. १९४८ साली अमेरिकेतले औषधशास्त्रज्ञ रेमंड अल्क्विस्ट यांनी मांडलं की ही बटणं एकाच प्रकारची नसून त्यांचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार असले पाहिजेत. त्यांचा हा शोधनिबंध एका नियतकालिकाने आधी नाकारला होता. आज औषधशास्त्राचं पुस्तक या कल्पनेशिवाय सुरूच होत नाही.

ब्रिटनमध्ये जेम्स ब्लॅक यांनी ही कल्पना उचलली. छातीत दुखणाऱ्या रुग्णाच्या हृदयाला जास्त ऑक्सिजन कसा पुरवायचा, याचा विचार तेव्हा सगळे करत होते. ब्लॅक यांनी उलटा विचार केला. हृदयाची ऑक्सिजनची गरजच कमी केली तर? म्हणजे बीटा बटणावर झाकण बसवायचं आणि अ‍ॅड्रेनलिनला ते दाबूच द्यायचं नाही. यातून १९६०च्या दशकाच्या मध्यात प्रोप्रॅनोलॉल हे औषध आलं. १९८८ साली ब्लॅक यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

अडचण अशी होती की तेच बटण श्वासनलिकेतही होतं. हृदयासाठी दिलेल्या गोळीने दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका आवळायला लागली.

त्याच काळात दम्याच्या औषधाची नेमकी उलटी अडचण होती. तेव्हा आयसोप्रेनलिन नावाचं औषध पंपातून घेतलं जायचं. त्याने श्वास मोकळा व्हायचा, पण हृदयही भरधाव सुटायचं. ब्रिटनसह काही देशांत १९६०च्या दशकात दम्याने होणारे मृत्यू अचानक वाढले, तेव्हा संशय या औषधाच्या जास्त ताकदीच्या पंपांवर गेला होता.

१९६७ मध्ये स्पष्ट झालं की बीटा बटणंही दोन प्रकारची आहेत. बीटा-१ मुख्यतः हृदयात, तर बीटा-२ मुख्यतः श्वासनलिकेत. मग दोन्हीकडच्या औषधांना दिशा मिळाली. फक्त बीटा-२ दाबणारं साल्ब्युटामॉल १९६९ साली बाजारात आलं. आपल्याकडे अस्थालिन म्हणून मिळतं ते हेच. दुसरीकडे मुख्यतः बीटा-१ वर झाकण बसवणारे अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल असे 'निवडक' बीटा ब्लॉकर आले.

प्रश्न इथे संपायला हवा होता. पण 'मुख्यतः' या शब्दात सगळी गोम आहे. हृदयातल्या बीटा बटणांपैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्सा बीटा-२ चा असतो. आणि निवडक औषधही डोस वाढला की तितकं निवडक राहत नाही.

मग दमा असलेल्यांनी बीटा ब्लॉकर घ्यायचेच नाहीत का?

इथे सरसकट 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर देता येत नाही. गटात दोन तट आहेत आणि दोन्हींना एकाच तराजूत तोलणं चूक ठरेल.

पहिला तट आहे अनिवडक औषधांचा : प्रोप्रॅनोलॉल, कार्व्हेडिलॉल, टिमोलॉल, सोटॅलॉल. ही बीटा-१ आणि बीटा-२ दोन्ही बंद करतात. दमा असलेल्यांनी ही टाळायची असतात. यात कार्व्हेडिलॉलकडे विशेष लक्ष हवं, कारण हृदय अशक्त झालेल्या, म्हणजे हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना ते बऱ्याचदा दिलं जातं.

दुसरा तट निवडक औषधांचा : बिसोप्रोलॉल, मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, नेबिव्होलॉल. यांचा धोका कमी आहे, पण शून्य नाही.

किती कमी? दम्याच्या रुग्णांवर झालेल्या चाचण्या एकत्र करून केलेलं एक विश्लेषण २०१४ साली प्रसिद्ध झालं. एका सेकंदात जोराने फुंकून किती हवा बाहेर टाकता येते, हे त्यात बघितलं होतं. बीटा ब्लॉकर दिल्यावर लगेच मोजलं तेव्हा निवडक औषधांनी ही क्षमता सरासरी ७ टक्क्यांनी घटली, तर अनिवडक औषधांनी १० टक्क्यांनी. निवडक औषध घेतलेल्या ३३ जणांमागे एकाला प्रत्यक्ष त्रास जाणवला. अनिवडक गटात हे प्रमाण १३ जणांमागे एक होतं.

त्याच विश्लेषणातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. बीटा ब्लॉकर पोटात असताना पंप घेतला तर पंपाचा परिणामही घटतो. निवडक औषधांमध्ये ही घट साधारण १० टक्के, अनिवडकमध्ये २० टक्के. म्हणजे दम्याचा झटका आला आणि धावत जाऊन पंप ओढला, तर तो नेहमीसारखा काम करेलच असं नाही. खरा धोका इथे आहे.

हे आकडे वाचताना एक भान ठेवायला हवं. अशा चाचण्यांत सहसा दमा आटोक्यात असलेले रुग्ण घेतले जातात आणि डॉक्टर शेजारी उभे असतात. रात्री दोन वाजता घरी येणाऱ्या झटक्याचं चित्र त्यात दिसत नाही.

जगभरचे डॉक्टर दम्यासाठी ज्या 'गिना' मार्गदर्शिकेचा आधार घेतात, तिची भूमिका मधली आहे. हार्ट अटॅकसारख्या प्रसंगी दमा आहे एवढ्या एका कारणासाठी निवडक बीटा ब्लॉकर पूर्णपणे वर्ज्य मानू नये. प्रत्येक रुग्णाचा फायदा आणि धोका वेगळा तोलावा आणि औषध तज्ज्ञांच्या देखरेखीखाली सुरू करावं. अटॅकनंतर किंवा हृदय अशक्त झालेलं असताना या गोळ्या जीव वाचवतात, हे यामागचं कारण.

नुसत्या रक्तदाबासाठी मात्र हा धोका पत्करायचं कारण सहसा नसतं. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, लोसार्टन असे कितीतरी पर्याय आहेत आणि त्यांचं दम्याशी वैर नाही. हृदयाचे ठोकेच कमी करायचे असतील तर काही रुग्णांत डिल्टियाझेम, व्हेरापॅमिल किंवा आयव्हाब्रॅडिनचा विचार होतो. कोणाला कोणतं चालेल ते हृदयाची अवस्था बघून ठरतं. उदाहरणार्थ, हृदयाची पंपिंगची ताकद कमी झाली असेल तर डिल्टियाझेम आणि व्हेरापॅमिल चालत नाहीत.

आपल्या गोळीत बीटा ब्लॉकर आहे हे कसं ओळखायचं?

सोपी खूण आहे. पाकिटावर कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव असतं. ते 'लॉल' वर संपत असेल तर ते बहुधा बीटा ब्लॉकर आहे. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल, लॅबेटॅलॉल, सगळ्यांचं शेपूट एकच.

पण आपल्याकडे दोन-तीन औषधं एकाच गोळीत एकत्र करून विकण्याची पद्धत मोठी आहे. त्यामुळे 'मी तर साधी बीपीची गोळी घेतो' असं म्हणणाऱ्याच्या गोळीत अ‍ॅम्लोडिपिनसोबत अ‍ॅटेनोलॉलही असू शकतं. अशा गोळीच्या नावाला बऱ्याचदा 'एटी' हे शेपूट असतं. नाव जवळपास तेच, एवढी दोन अक्षरं वेगळी. मेडिकलवाल्याने 'तेच आहे, फक्त कंपनी वेगळी' म्हणत गोळी बदलून दिली तर मूळ नाव जरूर वाचा.

आणखी एक फसगत म्हणजे प्रोप्रॅनोलॉल फक्त हृदयासाठी दिलं जात नाही. अर्धशिशी, हात थरथरणं, थायरॉइड वाढल्यामुळे होणारी धडधड, घबराट, लिव्हर सिरॉसिसमध्ये रक्ताची उलटी होऊ नये म्हणून, अशा अनेक कारणांसाठी ते देतात. त्यामुळे 'मला हृदयाचा काहीच त्रास नाही' म्हणणाऱ्या तिशीतल्या दमेकरी मुलीच्या पर्समध्येही हे औषध सापडू शकतं. डोकेदुखीसाठी डॉक्टरांकडे गेल्यावर लहानपणीच्या दम्याचा उल्लेख करायचं कोणाला सुचत नाही.

डोळ्यांत टाकलेला थेंब छातीपर्यंत कसा जातो?

काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब वर्षानुवर्षं वापरात आहेत. अमेरिकेत १९७८ साली त्यांना मंजुरी मिळाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत दमा असलेल्या रुग्णांना या थेंबांमुळे गंभीर त्रास झाल्याच्या नोंदी यायला लागल्या.

थेंब डोळ्यात टाकल्यावर घशात कडू चव येते, हा अनुभव अनेकांना असेल. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात एक बारीक नळी असते, ती नाकात उघडते. थेंबाचा बराचसा भाग तिथून नाकात उतरतो आणि नाकाच्या आतल्या त्वचेतून थेट रक्तात जातो. गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि तिथे तिचा बराच भाग निकामी होतो. थेंबाच्या वाटेत हा टोलनाका नाही. त्यात टिमोलॉल अनिवडक असल्यामुळे श्वासनलिका आवळायला तेवढी मात्राही पुरू शकते.

डोळ्यांचे थेंब हे 'औषध' आहे, असं बहुतेकांना वाटतच नाही. कोणती औषधं सुरू आहेत असं विचारलं की लोक गोळ्या सांगतात, थेंब विसरतात. काचबिंदूच्या थेंबांतही दोन औषधं एकत्र असतात, त्यामुळे टिमोलॉल दुसऱ्या नावामागे लपलेलं असू शकतं.

दमा असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. लॅटॅनोप्रोस्टसारखे वेगळ्या गटातले थेंब उपलब्ध आहेत. कोणतेही थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं बोटाने हलका दाबून धरला की रक्तात जाणारी मात्रा कमी होते. पण दमेकऱ्याला टिमोलॉल चालवून घेण्याचा हा मार्ग नव्हे.

'दमा' या शब्दाचा घोळ

मराठीत कोणालाही सारखी धाप लागत असेल तर आपण त्याला दमा आहे म्हणतो. वैद्यकात मात्र इथे दोन वेगळे आजार आहेत.

अस्थमा बऱ्याचदा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो. त्यात अ‍ॅलर्जी असू शकते. श्वासनलिका आवळते आणि औषधाने किंवा आपोआप पुन्हा मोकळी होते. सीओपीडी हा सहसा चाळिशीनंतर दिसणारा आजार. अनेक वर्षांची विडी-सिगारेट किंवा चुलीचा धूर हे त्याचं मोठं कारण. त्यात श्वासनलिका पूर्ववत होत नाहीत. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या आजीला विडी न ओढताही हा आजार होतो.

बीटा ब्लॉकरच्या बाबतीत हा फरक निर्णायक आहे. सीओपीडीच्या रुग्णाला हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा हार्ट फेल्युअर असेल, तर त्याला निवडक बीटा ब्लॉकर द्यावेत असंच मार्गदर्शिका सांगतात. सीओपीडीच्या रुग्णांमध्ये हृदयविकार मोठ्या प्रमाणात असतो, त्यामुळे ही गोळी नाकारली तर त्यांचंच नुकसान होतं. पण नातेवाईक 'बाबांना दमा आहे' एवढंच सांगतात आणि उपयोगाचं औषध टाळलं जाण्याची शक्यता तयार होते.

याची दुसरी बाजूही आहे. हृदयाचं कोणतंही कारण नसताना फक्त सीओपीडी सुधारेल म्हणून बीटा ब्लॉकर देऊन बघावेत, अशी एक कल्पना होती. मेटोप्रोलॉल वापरून ती तपासणाऱ्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली आले. चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. फायदा दिसला नाही, उलट आजार बळावून हॉस्पिटलमध्ये दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण गोळी घेणाऱ्यांमध्ये जास्त होतं.

म्हणून आपल्याला किंवा आई-बाबांना असलेला 'दमा' नेमका कोणता, हे एकदा विचारून घ्या. स्पायरोमेट्री या फुंकण्याच्या तपासणीतून ते बऱ्यापैकी कळतं. चिठ्ठीवर अस्थमा लिहिलंय की सीओपीडी, ते लक्षात ठेवा.

हे वाचून आजपासून गोळी बंद करू का?

नाही. हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे.

बीटा ब्लॉकर बराच काळ घेतले की शरीर बटणांची संख्या आणि संवेदनशीलता वाढवून ठेवतं. झाकण एकदम काढलं तर वाढलेली सगळी बटणं अ‍ॅड्रेनलिनला एकाच वेळी मोकळी मिळतात. ठोके वाढतात, रक्तदाब उसळतो, छातीत दुखतं आणि हृदयविकार असलेल्या माणसाला अटॅकही येऊ शकतो. म्हणून ही गोळी बंद करायची असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू डोस कमी करत करतात.

वर्षानुवर्षं अ‍ॅटेनोलॉल आणि पंप दोन्ही घेऊन ठणठणीत असलेले लोकही असतात. त्यांनी घाबरायचं कारण नाही, पुढच्या भेटीत विषय काढायचा. सावध राहायचं ते गोळी नव्याने सुरू झाल्यावर किंवा डोस वाढवल्यावर. त्यानंतर रात्री खोकला येऊ लागला, छातीत शिट्टी वाजू लागली, पंप आधीपेक्षा जास्त वेळा लागायला लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. दोन वाक्यं बोलणंही जड जात असेल, ओठ निळसर पडत असतील किंवा पंप घेऊनही आराम पडत नसेल तर फोनच्या भानगडीत न पडता थेट हॉस्पिटल गाठा आणि तिथे बीटा ब्लॉकर सुरू असल्याचं सांगा. अशा वेळी इप्राट्रोपियमसारखं, बीटा बटणाशी संबंध नसलेल्या वेगळ्या वाटेने श्वासनलिका उघडणारं औषध डॉक्टर वापरू शकतात.

उलट बाजू : पंपामुळे हृदयाला धोका?

'पंपाची सवय लागते, हृदय कमजोर होतं' हे वाक्य आपल्याकडे इतक्या ठिकाणी ऐकू येतं की अनेक रुग्ण पंपाऐवजी गोळ्या मागतात. खरं तर हिशेब उलटा आहे. पंपातून औषध अगदी थोड्या मात्रेत थेट श्वासनलिकेत जातं. गोळी किंवा सिरप रक्तातून सगळीकडे फिरतं, त्यामुळे धडधड आणि हात थरथरणं त्यानेच जास्त होतं.

साल्ब्युटामॉलचे दोन पफ घेतल्यावर थोडा वेळ धडधड होणं नेहमीचं आहे. काळजी करायची ती वारंवार वापराची. हार्ट अटॅक होऊन गेलेल्या किंवा ठोके अनियमित असणाऱ्या माणसाला दिवसातून अनेकदा पंप लागत असेल, तर त्याचा दमाच आटोक्यात नाही. 'गिना'ने २०१९ पासून नुसत्या साल्ब्युटामॉलवर दम्याचा उपचार करू नये अशी भूमिका घेतली आहे. सूज कमी करणारं स्टेरॉइड पंपातून नियमित घेतलं की धडधड वाढवणाऱ्या पंपाची गरजच कमी होते.

फारशी चर्चा न होणारी गोष्ट आहे पोटॅशियमची. साल्ब्युटामॉल रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतं. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की रक्तात पोटॅशियम धोकादायक वाढलेल्या रुग्णाला उपचार म्हणूनच साल्ब्युटामॉलचं नेब्युलायझेशन देतात. आता हृदयाच्या रुग्णाचा विचार करा. अंगावरची सूज उतरवायला त्याला लघवी जास्त होण्याची गोळी, म्हणजे लॅसिक्ससारखं औषध सुरू असतं. त्यातून पोटॅशियम लघवीवाटे जातं. दमा बळावला म्हणून प्रेडनिसोलोन सुरू झालं, त्यानेही पोटॅशियम घटतं. वरून दिवसातून चार-पाच वेळा नेब्युलायझर. पोटॅशियम खूप उतरलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात. डिगॉक्सिन सुरू असेल तर त्याचा विषारी परिणाम याच अवस्थेत लवकर होतो. अशा रुग्णाची रक्ततपासणी लांबणीवर टाकू नये.

प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांनी अंगात पाणी आणि मीठ साठतं, रक्तदाब आणि साखर वाढते, हेही हृदयाच्या डॉक्टरांना माहीत असायला हवं.

डेरिफायलिन : जुनं, स्वस्त आणि नाजूक

डेरिफायलिनमध्ये इटोफायलिन आणि थिओफायलिन असतं. मोठ्या शहरांतल्या छातीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते आता कमी दिसतं, पण धाप लागली की हीच गोळी घ्यायची असं ठरलेली घरं आजही आहेत.

थिओफायलिनचं दुखणं असं की उपयोगाची मात्रा आणि अपायाची मात्रा यात अंतर फार थोडं आहे. मात्रा वाढली की मळमळ, झोप उडणं, धडधड, ठोके बिघडणं आणि फारच वाढली तर झटके. व्हेरापॅमिल, डिल्टियाझेम, प्रोप्रॅनोलॉल ही हृदयाची औषधं थिओफायलिनचा निचरा मंदावतात. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिकही तेच करतं, आणि तेही बऱ्याच जोरात.

यात विडी-सिगारेटचाही एक भाग आहे. तंबाखूच्या धुरामुळे यकृत थिओफायलिन लवकर संपवतं, म्हणून धूम्रपान करणाऱ्याला डोस जास्त लागतो. हार्ट अटॅक आला, माणसाने धसका घेऊन विडी सोडली, फारच चांगलं केलं. पण डेरिफायलिनचा डोस तोच राहिला तर काही दिवसांत रक्तातली मात्रा वाढायला लागते, तीही हृदय नाजूक असतानाच. तंबाखू मळून खाणाऱ्यांना हे लागू होत नाही, कारण हा परिणाम धुराचा आहे.

अ‍ॅस्पिरिन : सगळ्यांना नाही, काहींना

अटॅक किंवा अँजिओप्लास्टीनंतर कमी डोसचं अ‍ॅस्पिरिन जवळपास प्रत्येकाला देतात. दमा असलेल्या बहुतेकांना ते सहन होतं. प्रौढ दमेकऱ्यांपैकी साधारण ७ टक्के लोकांना मात्र अ‍ॅस्पिरिनने दम्याचा झटका येतो. गंभीर दमा असलेल्यांत हे प्रमाण याच्या दुप्पट आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा वेदनाशामक गोळ्यांनीही या लोकांना तोच त्रास होतो.

ओळखायची खूण नाकात आहे. नाकात मांसल गाठी झालेल्या, वास येणं कमी झालेलं, सतत नाक चोंदलेलं आणि सोबत दमा, असं असेल तर शंका घ्यायची. पूर्वी एखादी वेदनाशामक गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात ते दोन-तीन तासांत धाप लागली होती का, हे आठवून बघा. लागली असेल तर ही गोष्ट फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत हवी. हृदयासाठी अशांना क्लोपिडोग्रेलचा पर्याय असतो किंवा हॉस्पिटलमध्ये थोडं थोडं अ‍ॅस्पिरिन देऊन शरीराला त्याची सवय करता येते. घरी हा प्रयोग करायचा नाही.

दमा नसताना दम्यासारखं

काही वेळा दोन औषधांचं भांडण नसतंच, हृदयाच्या औषधाचा परिणाम दम्यासारखा दिसतो. रॅमिप्रिल, एनालॅप्रिल या गटातल्या गोळ्यांनी काही जणांना कोरडा, पिच्छा न सोडणारा खोकला होतो. दमा असेल तर तो वाढलाय असं वाटून पंपाचा डोस वाढवला जातो आणि खोकला तसाच राहतो. गोळी बदलून टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन दिलं की तो बहुधा थांबतो, पण पूर्ण जायला काही आठवडे लागू शकतात.

स्टेंट टाकल्यावर देतात त्या टिकाग्रेलॉर गोळीनेही धाप लागल्यासारखं वाटतं. याच्या मोठ्या चाचणीत जवळपास १४ टक्के रुग्णांनी ही तक्रार केली होती. ('लॉल'ची खूण इथे चालणार नाही, नावाचा शेवट नीट वाचा.) यात श्वासनलिका आवळत नाही. पण ही गोळी मनाने बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

आणि कधी कधी धाप हृदयाचीच असते. हृदय कमजोर पडून फुप्फुसात पाणी साचलं तरी छातीत शिट्टी वाजते. आडवं झाल्यावर धाप वाढत असेल, दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नसेल, पावलांवर सूज असेल तर तो दमा आहे असं गृहीत धरू नका.

स्टॅटिन, सॉर्बिट्रेट, अ‍ॅम्लोडिपिन यांचं आणि दम्याच्या पंपाचं भांडण नाही. मॉन्टेलुकास्टचंही हृदयाच्या नेहमीच्या औषधांशी सहसा जमतं.

तपासणीला जाण्याआधी

हृदयाच्या काही स्ट्रेस टेस्टमध्ये चालायला न लावता अ‍ॅडेनोसिन नावाचं औषध शिरेतून देतात. अतिजलद ठोके थांबवायलाही तेच वापरतात. दमा असलेल्यांच्या श्वासनलिका अ‍ॅडेनोसिनने आवळू शकतात, म्हणून अशा रुग्णांत ते टाळून वेगळी पद्धत निवडली जाते. दुसरीकडे, थिओफायलिन अ‍ॅडेनोसिनचा परिणामच पुसून टाकतं. ते पोटात असेल तर तपासणीचा निष्कर्ष चुकू शकतो. चहा-कॉफीतलं कॅफिन हे थिओफायलिनचंच भावंड, त्यामुळे आदल्या दिवसापासून चहा बंद ठेवायला सांगतात. तपासणीची तारीख घेतानाच दमा आहे, कोणते पंप आणि गोळ्या सुरू आहेत आणि डोळ्यांत कोणते थेंब टाकता, हे सांगून ठेवा. यातलं काय आणि किती वेळ आधी थांबवायचं, ते तिथले डॉक्टर ठरवतील.